पाटे गेले, स्प्रिंगा आल्या

घाटनांदूरला रेल्वे आहे आणि अंबाजोगाईला नाही. एवढ्या एका कारणाने आमच्या स्टेशनाबाहेर जीपगाड्यांचा राबता वर्षानुवर्षं टिकला. परळी-लातूर रोड मार्गावरची गाडी लागली की अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात, कॉलेजात, योगेश्वरीच्या दर्शनाला निघालेली माणसं उतरायची आणि समोर उभ्या असलेल्या कमांडर जीपमध्ये दाटीवाटीने बसायची. मागच्या फळकुटावर चार-चार, मधे दोन पोती, फूटबोर्डावर एखादा पोरगा. जीप म्हणजे काय, याची आमच्या भागातली व्याख्या ही अशी तयार झाली.

म्हणूनच १५ ऑगस्ट २०२० रोजी महिंद्राने नवी थार दाखवली, तेव्हा जीपवाल्या माणसांचा पहिला प्रश्न इंजिनाचा नव्हताच. ‘मागं किती बसतेत?’ बहुतेक प्रकारांत मागे दोन. ‘मग कशाची जीप ती!’ त्याच दिवशी गावातली कॉलेजची पोरं मोबाईलवर त्याच गाडीचे फोटो एकमेकांना दाखवत होती आणि त्यांच्या दृष्टीने इतकी देखणी, इतकी आपली गाडी आजवर झालीच नव्हती. एकाच गाडीवरचे हे दोन निकाल. मला दोन्ही खरे वाटतात. ते का खरे आहेत, हे मात्र गाडीच्या तोंडाकडे बघून कळत नाही. त्यासाठी वाकून गाडीच्या खाली बघावं लागतं आणि किमतीचा कागदही नीट वाचावा लागतो.

परवडणारी हौसेची गाडी हा प्रकार जगाला शिकवला अमेरिकेने. त्याआधी दोन दारांची झोकदार गाडी म्हणजे पैसेवाल्यांचा शौक. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डने मस्टँग आणली, किंमत २३६८ डॉलर. पहिल्याच दिवशी सुमारे २२ हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली आणि दोन वर्षांत दहा लाख मस्टँग विकल्या गेल्या. या गाडीमागे उभे असलेले ली आयाकोका यांची अट सोपी होती: किंमत २५०० डॉलरच्या आत आणि वजन २५०० पौंडांच्या आसपास. एवढ्या पैशात नवा सांगाडा, नवं इंजिन, नवा गिअरबॉक्स बनवणं शक्यच नव्हतं. मग फोर्डने फाल्कन नावाच्या आपल्याच साध्या घरगुती गाडीचा सांगाडा घेतला, तिची यंत्रं घेतली आणि वर लांब बॉनेटचं, आखूड डिकीचं नवं अंग चढवलं. स्वस्त हौसेची सगळी किमया यात आहे. मन जिंकणारा भाग नवा असतो, पैसा खाणारा भाग दुसऱ्या गाडीकडून आलेला असतो.

ही मस्टँग २०१६ मध्ये अधिकृतपणे भारतात आली. डाव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशांसाठी उजवीकडे स्टिअरिंग असलेली मस्टँग कारखान्यातून निघू लागली ती याच पिढीपासून. पण इथे आली फक्त पाच लिटरच्या मोठ्या इंजिनाची आणि पूर्ण बांधलेली, त्यामुळे सीमा शुल्क १०० टक्के. किंमत ६५ लाख. अमेरिकेत शिक्षक आणि परिचारिका हप्त्यावर घेत असलेली गाडी मुंबई-पुण्यात उद्योगपतींच्या बंगल्यासमोर उभी राहिली. आपल्याकडे त्या जागी, म्हणजे हप्ता भरून घेता येईल अशा हौसेच्या गाडीच्या जागी, जी गाडी बसली ती नाशिकच्या कारखान्यातून निघते. तिचं मूळही अमेरिकन आहे.

ते मूळ दुसऱ्या महायुद्धातलं. १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी मागवली. पहिला नमुना बँटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी आखला. पुढे विलिस-ओव्हरलँडने बार्नी रूस यांच्या ६० हॉर्सपॉवरच्या दणकट इंजिनावर बाजी मारली. विलिस आणि फोर्डने मिळून युद्धकाळात सहा लाखांहून जास्त जीप बांधल्या. त्या वेळी के. सी. महिंद्रा भारत सरकारच्या खरेदी मंडळाचं काम पाहत वॉशिंग्टनमध्ये होते. तिथे त्यांची रूस यांच्याशी भेट झाली, आणि खडबडीत रस्त्यांच्या आपल्या देशाला हीच गाडी लागेल, हे त्यांनी ओळखलं. १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी सुरू झाली. त्यातले भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ पासून कंपनी ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. १९४७ मध्ये अमेरिकेहून सुट्या भागांच्या ७५ संचांची पहिली खेप आली. मुंबईत माझगावला जीप जोडल्या जाऊ लागल्या.

पुढच्या साठ वर्षांत या लष्करी गाडीचं मराठवाड्यात जे झालं ते अमेरिकेत कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. डिझेल इंजिन आलं, अंग लांबवलं गेलं. एमएम ५४० आली, मेजर आली, कमांडर आली. तहसीलची, पंचायत समितीची, पोलिसांची, पाटबंधारेवाल्यांची, सगळ्यांची गाडी जीपच. निवडणुकीत कर्णे बांधून फिरली, लग्नात वऱ्हाड वाहिलं, रात्री-बेरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेलं. ही गाडी कुणी हौसेने घेत नव्हतं. ती पोटासाठी घेतली जायची आणि पोटासाठी कुठेही दुरुस्त व्हायची.

२०१० मध्ये थार आली तेव्हा पोटाची गाडी आणि हौसेची गाडी यांची पहिल्यांदा फारकत झाली. दिसायला ती सरळसरळ जुनी जीप. किंमत सहा लाखांच्या आसपास, आणि आतली यंत्रं स्कॉर्पिओ-बोलेरोच्या घराण्यातली. फाल्कनवर मस्टँग चढवावी तसाच हा प्रकार. मागे समोरासमोर आडवी बाकं, वर ताडपत्री, खिडकीला प्लास्टिकचा पडदा. लांबच्या प्रवासाला ती जीव नकोसा करायची. तरी पुण्या-नाशिकच्या डोंगर-ओढ्यांत गाडी घालणाऱ्या हौशी मंडळींनी तिला डोक्यावर घेतलं, कारण चिखलात तिच्याइतका भरवसा एवढ्या पैशात दुसरी कुठली गाडी देत नव्हती.

दहा वर्षांनी गाडी मुळापासून बदलली. तेव्हा कंपनीच्या आरेखन विभागाच्या प्रमुख रामकृपा अनंतन होत्या. पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक आरेखन केंद्रात शिकलेल्या या बाईंच्या हाताखाली आपल्या देशातली सर्वांत ‘मर्दानी’ म्हणवली जाणारी गाडी घडली, ही गोष्ट आमच्याकडच्या थारवाल्या पोरांना आवर्जून सांगावीशी वाटते. नव्या गाडीला १५० हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन मिळालं, १३० हॉर्सपॉवरचं डिझेल मिळालं, सहा गिअर, हवं असल्यास ऑटोमॅटिक, पक्कं छप्पर, पुढे तोंड करून बसायची मागची बाकं, दोन एअरबॅग. जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर झाली आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून जायची तिची क्षमता कंपनीने जाहीर केली. म्हणजे माणसाच्या गुडघ्याच्या वरपर्यंत पाणी.

पण या यादीत खरा बदल हरवून जातो. तो आहे मागच्या चाकांपाशी. जुन्या जीपच्या मागे वाका: लोखंडी पट्ट्या एकावर एक रचलेल्या, मधोमध फुगीर, दोन्ही टोकांना चेसीला अडकवलेल्या. याला आमच्याकडे पाटे म्हणतात. पाट्यांचा संच मधोमध यू-बोल्टने एक्सलला आवळलेला असतो. हे पाटे दोन कामं एकदम करतात. गाडीचं वजन पेलतात, आणि एक्सल पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून त्याला धरूनही ठेवतात. एकाच वस्तूत दोन कामं, म्हणून स्वस्त. एखादा पाटा मोडला तर रस्त्याकडेचा पाटेवाला तासाभरात दुसरा घालून देतो. पण पट्ट्या एकमेकींवर घासतात, त्यामुळे बारीकसारीक धक्के पाट्यांत जिरतच नाहीत. शिवाय दहा माणसं आणि पोती पेलायची म्हणून पाटे कडक ठेवावे लागतात. गाडी भरलेली असली की चाल बरी वाटते. मोकळी असली की प्रत्येक खड्ड्याला ती उसळते आणि वळणावर मागचा भाग बाजूला सरकतो. ज्यांनी परतीच्या फेरीला मोकळ्या कमांडरमध्ये मागे बसून प्रवास केला असेल त्यांच्या माकडहाडाला हे शास्त्र ठाऊक आहे.

नव्या थारमध्ये पाटे गेले आणि गोल स्प्रिंगा आल्या. स्प्रिंग फक्त वजन पेलते. एक्सलला धरून ठेवायला वेगळे दांडे लावावे लागतात. खर्च वाढतो, भाग वाढतात, पण प्रत्येक भागाला एकच काम राहतं आणि ते नीट जमवता येतं. स्प्रिंग मऊ ठेवता येते आणि दांड्यांमुळे मागचा भाग जागचा हलत नाही. ब्रेक दाबला तरी एक्सल वळत नाही. ८० च्या वेगात वळण घेताना जुनी थार आणि नवी थार यांत जो जमीन-अस्मानाचा फरक जाणवतो तो इंजिनाचा नसून या दांड्यांचा आहे. माझ्या मते २०२० च्या गाडीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं गेलं, कारण ती फोटोत दिसत नाही.

एक गोष्ट मात्र कंपनीने मुद्दाम बदलली नाही. मागची दोन्ही चाकं अजून एकाच सलग एक्सलवर आहेत. पुढची चाकं स्वतंत्र, मागची जोडलेली. सपाट रस्त्यावर हा तोटा आहे, कारण एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही त्याचा हिसका बसतो. दगड-चिखलात तोच फायदा होतो. एक चाक दगडावर चढलं की एक्सलच्या टोकाशी असलेलं दुसरं चाक खाली दाबलं जातं आणि जमिनीला धरून राहतं.

या सलग एक्सलवरून मस्टँगवाल्यांची तर पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली. २००५ मध्ये मस्टँग नव्याने घडवली गेली, चेहरा साठच्या दशकातल्या गाडीसारखा ठेवला आणि मागे सलग एक्सलही तसाच ठेवला. एक कारण पैसे. दुसरं कारण असं, की सरळ रेषेत क्षणभरात वेग घेण्याच्या शर्यतीचे शौकीन त्या दणकट एक्सलवर फिदा होते. टीकाकार म्हणत, बैलगाडीचा आख अजून किती दिवस वापरणार? २०१५ च्या पिढीत अखेर मागची चाकं स्वतंत्र झाली. जुन्या चाहत्यांनी कुरकुर केली. वळणावळणाच्या रस्त्यावर मात्र गाडी इतकी सुधारली की ती कुरकुर फार टिकली नाही.

थारच्या बाबतीत मतं सगळ्यांत जास्त पेटली ती तोंडावरून. समोरची जाळी, गोल दिवे, चौकोनी मडगार्ड बघून लोक म्हणाले, ही तर अमेरिकन जीप रँग्लरची नक्कल. घेतल्याबरोबर पुढची जाळी बदलून टाकणारे मालकही पुष्कळ निघाले. नक्कल हा शब्द मला पटत नाही. ज्या कंपनीने १९४७ पासून परवान्याने हीच गाडी जोडली आणि नंतर स्वतः बनवली, तिचा या चेहऱ्यावर काहीएक वारसाहक्क आहे. पण व्यापारात वारसा चालत नाही, कागद चालतो. २०१८ मध्ये महिंद्राने अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ऑबर्न हिल्समध्ये, रॉक्सर नावाची गाडी जोडून विकायला सुरुवात केली. रूप जुन्या जीपचंच, इंजिन ६२ हॉर्सपॉवरचं डिझेल, वेग ताशी ७२ किलोमीटरच्या आसपास बांधलेला आणि वापर फक्त शेतावर-रानात. जीप हे नाव तोवर फियाट क्रायस्लरकडे गेलं होतं. त्यांनी अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. जून २०२० मध्ये आयोगाने रॉक्सरचं रूप जीपशी फार मिळतंजुळतं असल्याचं ठरवलं. महिंद्राला तिचं तोंड बदलावं लागलं, आणि बदललेल्या गाडीला त्याच वर्षअखेर मोकळीक मिळाली. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातही थारवरून फियाट क्रायस्लरचा वारसदार असलेला समूह न्यायालयात गेला. महिंद्राला आगाऊ सूचना दिल्याशिवाय ती गाडी तिथे न विकण्याची हमी द्यावी लागली. पुढे पाच दारांची थार रॉक्स आली तेव्हा तिच्या जाळीत सात उभ्या फटींऐवजी सहा होत्या.

आता किमतीचा कागद. कारण ‘परवडणारी’ या शब्दाशी कंपनी प्रामाणिक राहिली का, हा माझ्या लेखी तोंडापेक्षा मोठा प्रश्न आहे. २ ऑक्टोबर २०२० रोजी थार ९ लाख ८० हजारांपासून विक्रीला आली. त्या किमतीच्या गाडीत मागे समोरासमोर बाकं होती, म्हणजे सहा माणसं बसणारी, आमच्या जीपवाल्यांना थोडीफार जवळची वाटेल अशी. काही आठवड्यांतच ती काढून टाकली गेली आणि सुरुवातीची किंमत ११ लाख ९० हजारांवर गेली. आडव्या बाकांवरचा माणूस धडकेत सुरक्षित राहत नाही, हे खरं आहे. त्याच नोव्हेंबरात ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पुढे तोंड असलेल्या बाकांच्या थारला मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठीही चार तारे मिळाले. या जातीच्या गाडीला असे तारे मिळतील असं दहा वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर विश्वास बसला नसता. तरीही जाहिरातीत झळकलेली किंमत दोन लाखांनी वर सरकली, ही गोष्ट ग्राहकाच्या मनाला लागलीच.

जानेवारी २०२३ मध्ये ‘परवडणारी’ थार परत आली, पण वेगळ्या वाटेने. तिची फक्त मागची चाकं फिरतात, पुढच्यांना जोर नाही. डिझेल इंजिन २.२ लिटरऐवजी १.५ लिटरचं, ११७ हॉर्सपॉवरचं. किंमत ९ लाख ९९ हजारांपासून. याचं गणित कराच्या कायद्यात दडलेलं आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर ती कायद्याने छोटी गाडी ठरते. थारची लांबी ३९८५ मिलिमीटर आहे, म्हणजे चार मीटरला पंधरा मिलिमीटर कमी. इंजिन लहान केल्याबरोबर कर ४८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर लागू झाले तेव्हा ही छोटी थार १८ टक्क्यांत बसली, आणि मोठ्या इंजिनाची ४० टक्क्यांत.

कट्टर हौशी मंडळी या दोन चाकांवर चालणाऱ्या थारला थारच मानत नाहीत. त्यांचा मुद्दा समजून घ्यायला हवा. फोर बाय फोर म्हणजे नुसती चारही चाकं फिरणं नव्हे. शेजारचा छोटा दांडा ‘लो’मध्ये टाकला की इंजिनाचा जोर दोन-अडीच पट होऊन चाकांवर येतो आणि गाडी मुंगीच्या चालीने, क्लच न जाळता, चढ चढते. आमच्या काळ्या रानात मृगाचे दोन पाऊस पडले की याची किंमत कळते. ही माती चाकाला चिकटते, टायरच्या खाचा भरून जातात, चाक गुळगुळीत होऊन जागीच फिरतं. साध्या गाडीत डिफरन्शियल अशा वेळी नेमका उलटा वागतो. जे चाक सैल आहे त्यालाच तो फिरवतो आणि घट्ट जमिनीवरचं चाक नुसतं बघत राहतं. म्हणून वरच्या प्रकारच्या थारमध्ये तो लॉक होण्याची सोय आहे. बालाघाटाच्या उतारावर वस्ती असलेल्या, पावसाळ्यात शेतातून दूध-भाजी काढणाऱ्या माणसाने फोर बाय फोर घ्यावी, असं मी स्पष्ट सांगेन.

पण त्या माणसाला एक गोष्ट आणखी सांगितली पाहिजे, आणि ती फारसं कुणी सांगत नाही. थारचं फोर बाय फोर कोरड्या डांबरी रस्त्यावर लावून ठेवायचं नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चारही चाकं एकत्र जखडलेली असली की हा फरक जायला जागा राहत नाही, सगळा ताण दांड्यांवर आणि गिअरांवर येतो. चिखलात चाक घसरून तो ताण मोकळा होतो, डांबरावर होत नाही. त्यामुळे अंबाजोगाई-परळी अशा पक्क्या रस्त्यावर ज्याची गाडी फिरणार आहे त्याला दोन चाकांची थार पुरेशी आहे, आणि त्या गाडीला नावं ठेवण्याचं काही कारण नाही. १९६४ च्या मस्टँगचंही असंच होतं. बहुतेकांनी मोठ्या व्ही-आठ इंजिनाची स्वप्नं पाहिली, आणि पुष्कळांनी साधं सहा सिलिंडरचं इंजिन घेऊन हौस पुरवली. स्वस्त मस्टँग नसती तर महाग मस्टँगही फार दिवस जगली नसती.

चाहत्यांच्या मताला कंपन्या किती मानतात, याची गोष्टही मस्टँगच्याच इतिहासात आहे. ऐंशीच्या दशकात फोर्डने जपानच्या माझदाच्या सांगाड्यावर, पुढच्या चाकांनी चालणारी नवी मस्टँग आखली होती. बातमी फुटली आणि कंपनीकडे रागाच्या पत्रांचा ढीग जमला. ती गाडी शेवटी ‘प्रोब’ या दुसऱ्या नावाने विकली गेली आणि मस्टँग मागच्या चाकांचीच राहिली. सध्याच्या पिढीवरही अशीच मतं उमटली. ती सप्टेंबर २०२२ मध्ये डेट्रॉइटला दाखवली गेली. गोल काट्यांच्या जागी दोन मोठे पडदे आले. जुन्या मंडळींचं समाधान व्हावं म्हणून त्या पडद्यावर १९६७ च्या मस्टँगचे काटे उमटवायची सोय ठेवली. सर्वांत स्वस्त चार सिलिंडरच्या गाडीतून हाताने टाकायचा गिअर मात्र काढून टाकला. मला यात फोर्डची चूक वाटते. कमी पैशाच्या गाडीत हौस कशात असते? गिअर आपल्या हाताने टाकण्यात असते. ती काढून पडदे देणं म्हणजे जेवणातली भाकरी काढून ताट चांदीचं करणं. थारने स्वस्त डिझेलमध्ये हाताचा गिअर ठेवला, ही तिची जमेची बाजू.

आता आमच्या भागातल्या थारविषयी, कारण मला काळजी आहे ती इथे. गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात पुढे जाडजूड लोखंडी गार्ड बसतं. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच अशी गार्डं बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं होतं, आणि त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. गाडीचा पुढचा भाग धडकेत ठरावीक रीतीने चुरगळावा, त्यातून धक्का शोषला जावा आणि धक्का किती जोराचा आहे हे सेन्सरला कळून एअरबॅग वेळेवर उघडावी, अशी ती रचना असते. आपण पुढे लोखंड लावलं की धक्का गार्डमधून थेट चेसीत जातो. जे चुरगळायचं ते चुरगळत नाही, आणि एअरबॅग उशिरा उघडण्याचा किंवा न उघडण्याचा धोका राहतो. समोरच्या दुचाकीवाल्याचं काय होतं ते वेगळंच. चार ताऱ्यांची गाडी घेऊन दुकानातून तारे उतरवून आणणं, याला दुसरं काही म्हणता येत नाही. काळ्या काचांवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्येच बंदी घातली आहे, तीही तितकीच मोडली जाते.

दुसरं, वेग. थारच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २४५० मिलिमीटर, म्हणजे आखूड, आणि उंची भरपूर. आखूड गाडी रानात चटकन वळते, पण वेगात अचानक स्टिअरिंग फिरवलं तर तेवढीच चटकन तोल सोडते. गाडीत ईएसपी असलं तर ती घसरू लागली की एकेका चाकाचा ब्रेक आपोआप लागून ती सावरली जाते. ते यंत्र मदत करतं, निसर्गाचे नियम बदलत नाही. गेल्या काही वर्षांत आमच्याकडचे रस्ते सिमेंटचे, रुंद झाले. ज्या गाडीचा जन्म खड्ड्यांसाठी झाला ती आता ताशी १२० ने पळवली जाते. उसाच्या हंगामात त्याच रस्त्यावर रात्री मागे दिवे नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. या गाडीत मागे बसलेल्यानेही पट्टा बांधलाच पाहिजे, हे घरातल्या मोठ्यांनी गाडी घेऊन देतानाच बजावायला हवं.

कुटुंबवाल्यांची तक्रार वेगळी होती आणि तीही रास्त होती. तीन दारांच्या थारमध्ये मागे जायचं तर पुढची सीट पाडून, वाकून, पाय उचलून चढावं लागतं. नऊवारीतल्या आजींना ते कसं जमावं? १५ ऑगस्ट २०२४ ला आलेली पाच दारांची रॉक्स हे त्याचं उत्तर. किंमत १२ लाख ९९ हजारांपासून, भारत एनकॅपचे पाच तारे, आणि ३ ऑक्टोबरला नोंदणी उघडल्यावर पहिल्या तासात १ लाख ७६ हजारांहून जास्त मागण्या. मूळच्या तीन दारांच्या गाडीतही ऑक्टोबर २०२५ मध्ये सुधारणा झाल्या. खिडक्यांची बटणं इतकी वर्षं दोन सीटांच्या मधे होती, ती दारावर आली. पाच वर्षं लोक हे एकच मागत होते. मागच्या माणसांना गार हवेचे झरोके मिळाले, पडदा मोठा झाला आणि किंमत पुन्हा ९ लाख ९९ हजारांपासून सुरू झाली.

स्टेशनाबाहेरच्या जीपवाल्यांच्या प्रश्नाला मात्र यातल्या एकाही गाडीत उत्तर नाही. नऊ-दहा माणसं, दोन पोती आणि एक शेळी एका फेरीत नेणारी, कुठेही दुरुस्त होणारी आणि तरीही धडकेत माणसं वाचवणारी स्वस्त गाडी अजून कुणी बनवलेली नाही. बनवायची म्हटली तर पुढे तोंड असलेली बाकं, प्रत्येकाला पट्टा, म्हणजे लांबी चार मीटरच्या पुढे. प्रवासी वाहनाचा परवाना वेगळा, विमा वेगळा. कमांडर एकेक करून भंगारात गेल्या. त्यांची फेरी आता कुठे फोर्सची क्रूझर मारते, कुठे टाटाची मॅजिक, कुठे तीनचाकी रिक्षा. अंबाजोगाईचा दवाखाना आणि घाटनांदूरचं स्टेशन यांच्यामधला रस्ता आधीपेक्षा चांगला झाला आहे, आणि त्यावर मागे आडव्या बाकावर, पट्ट्याविना बसणाऱ्या माणसांची संख्या अजून मोठी आहे.